दगडकामावरून अँग्लो-सॅक्सन चर्चचा काळ ठरवता येतो का?

इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनशरच्या एका खेड्यात राहणाऱ्या मराठी वाचकाने तिथल्या चर्चबद्दल विचारले आहे. मनोऱ्याच्या पश्चिमेकडच्या दोन्ही कोपऱ्यांत एक उंच उभा दगड, त्यावर एक सपाट आडवा, पुन्हा उभा, अशी रचना आहे. उत्तरेच्या भिंतीत काही थर तिरप्या दगडांचे आहेत, आणि त्याच भिंतीत वर अर्धगोल माथ्याची एक लहान खिडकी आहे. चर्चच्या माहितीपत्रकात ‘सातव्या शतकातील सॅक्सन चर्च’ असे छापले आहे आणि पुरावा म्हणून या तीन गोष्टी दिल्या आहेत. हे पटण्यासारखे आहे का, आणि नुसते दगडकाम पाहून शतक सांगता येते का?

उभ्या-आडव्या कोपऱ्यांवरून ७वे शतक ठरत नाही; उलट ते कोपरे पाहून मी १०व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे जायला कचरेन. तिरप्या दगडांवरून तर सॅक्सन (१०६६ च्या नॉर्मन विजयाआधीचे) की नॉर्मन (त्यानंतरचे) हेसुद्धा ठरत नाही. खिडकीबद्दल आतून पाहिल्याशिवाय बोलता येणार नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा, कारण इंग्लंडमधल्या जुन्या भिंतींची नोंद घेण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि माहितीपत्रकांत सर्वांत जास्त गोंधळ इथेच दिसतो. भिंत आपल्याला क्रम सांगते: हे आधी, ते नंतर, हे मध्ये घुसवलेले. सन ती क्वचितच सांगते. तो बाहेरून आणून भिंतीच्या नेमक्या कोणत्या भागाला लावायचा, हे ठरवण्यातच आमचे निम्मे काम जाते.

बाहेरून येणारे सन इतके थोडे आहेत की ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. इंग्लंडच्या ईशान्येला जॅरो इथे एक कोरीव शिला आहे. राजा एक्गफ्रिथच्या राज्याच्या १५व्या वर्षी आणि मठाधिपती केओलफ्रिथच्या ४थ्या वर्षी सेंट पॉलच्या चर्चचे समर्पण झाले, असे ती सांगते. हिशेब केला की २३ एप्रिल ६८५ ही तारीख येते. महिनाभरातच तो राजा उत्तरेत पिक्ट लोकांशी लढताना मारला गेला. म्हणजे तारखेला इतिहासाचा दुजोरा आहे. पण ही शिला ज्या मोठ्या चर्चची होती, ते १८व्या शतकाच्या अखेरीस पाडले गेले. आज जॅरोला जी अस्सल जुनी भिंत उभी आहे, ती त्याच्या पूर्वेला असलेल्या दुसऱ्या, लहान चर्चची. आता ती चॅन्सेल, म्हणजे वेदीकडचा भाग, म्हणून वापरात आहे. तेव्हा या देशातली सर्वांत भरवशाची तारीखसुद्धा शेजारच्या भिंतीला थेट चिकटत नाही. ती तिथवर युक्तिवादाने न्यावी लागते.

त्यानंतरच्या तशाच भक्कम तारखा थेट ११व्या शतकाच्या मध्यावर भेटतात. यॉर्कशरमधल्या कर्कडेलच्या सूर्यघड्याळावर लिहिले आहे की गमलचा मुलगा ऑर्म याने मोडून पडलेले सेंट ग्रेगरीचे चर्च विकत घेतले आणि ‘एडवर्ड राजाच्या आणि टोस्टी अर्लच्या काळात’ पायापासून नवे बांधले. टोस्टी अर्लपदावर, म्हणजे प्रांताच्या सरदारपदावर, होता १०५५ ते १०६५. ग्लॉस्टरशरमधल्या डीअरहर्स्टला ऑड्डा नावाच्या सरदाराने भाऊ एल्फ्रिकच्या आत्म्यासाठी बांधलेले प्रार्थनागृह आहे. त्याची समर्पणशिला १६७५ मध्ये तिथल्याच एका बागेत सापडली आणि आता ती ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. तिच्यावरची तारीख १२ एप्रिल १०५६. खुद्द इमारत मात्र एका शेतघराच्या पोटात दडून राहिली होती आणि १९व्या शतकात ओळखली गेली.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. ऑड्डाचे साधेसे, खडबडीत प्रार्थनागृह आणि शिलाहारांचे ते नखशिखान्त कोरलेले देवालय, दोन्ही चार वर्षांच्या अंतरातली. दगड घडवण्याचे कौशल्य आणि प्राचीनता यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे यापेक्षा स्पष्ट मला दाखवता येणार नाही. ‘ओबडधोबड म्हणजे जुने’ हा समज इंग्लंडमध्येही तितकाच पक्का आहे आणि तितकाच चुकीचा आहे. आपल्याकडे यादवांचा मंत्री हेमाद्री १३व्या शतकातला. तरी त्याच्या कितीतरी आधीच्या देवळांनाही सर्रास हेमाडपंती म्हणतात. इथे ‘सॅक्सन’ हे लेबल तसेच वापरले जाते.

६८५ आणि १०५५ यांमध्ये पावणेचारशे वर्षांची पोकळी आहे. तिच्यात आपल्या गावची भिंत कुठे बसवायची, हा प्रश्न पहिल्यांदा नीट सोडवला टॉमस रिकमन या वास्तुरचनाकाराने. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अर्धगोल कमान दिसली की कोणी तिला सॅक्सन म्हणे, कोणी नॉर्मन. रिकमनने लिंकनशरमधल्या बार्टन-अपॉन-हंबरच्या सेंट पीटर चर्चचा मनोरा पाहिला. त्याचा सर्वांत वरचा मजला नॉर्मन काळाच्या आरंभीच्या धाटणीचा होता. खालच्या दोन मजल्यांवर मात्र दगडी पट्ट्यांची नक्षी होती आणि कोपरे उभ्या-आडव्या दगडांचे होते. वरचा मजला खालच्याच्या आधी बांधता येत नाही. तेव्हा खालचे मजले नॉर्मन विजयाच्या, म्हणजे १०६६ च्या, आधीचे असले पाहिजेत. एवढाच त्याचा युक्तिवाद होता, आणि दोनशे वर्षांनंतरही तो हललेला नाही. त्याने दगडाच्या रंगरूपावरून काळ सांगितला नाही. एका बांधकामावर दुसरे बांधकाम उभे आहे, यावरून सांगितला.

पुढे कलेतिहासकार बाल्डविन ब्राउन यांनी ८०० पर्यंतचा, ८०० ते ९५० आणि ९५० नंतरचा असे तीन कालखंड पाडले. सोय झाली, पण धोकाही आला, कारण लोक अमुक लक्षण दिसले की तमुक कालखंड असे कोष्टक वापरू लागले. हॅरल्ड टेलर मूळचे गणिती. त्यांनी पत्नी जोन यांच्यासह देशभरची चर्च फिरून मोजली. १९६५ मध्ये दोन खंड आणि १९७८ मध्ये तिसरा प्रसिद्ध केला. तिसऱ्या खंडातली त्यांची शिस्त मला फार मोलाची वाटते. ज्या इमारतीची तारीख लक्षणांवाचून, स्वतंत्र पुराव्याने ठरते, तीच आधी आधार म्हणून घ्यायची. नाहीतर आपण कोपऱ्यांवरून चर्चचा काळ ठरवतो आणि मग त्याच चर्चवरून कोपऱ्यांचा काळ ठरवतो. माहितीपत्रकांतली निम्मी शतके याच चक्रातून आलेली असतात.

आता तुमच्या तीन लक्षणांकडे वळते. सर्वांत बोलके आहेत कोपरे.

इंग्रजीत या पद्धतीला लाँग-अँड-शॉर्ट म्हणतात. उभा दगड खांबासारखा, आडवा भिंतीत आत शिरलेला, त्यामुळे उभ्याला पकड मिळते. नॉर्दॅम्प्टनशरमधला अर्ल्स बार्टनचा मनोरा, त्याच पट्ट्यातली बार्नॅक आणि विटरिंग, केंब्रिजचे सेंट बेनेट, ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे, आणि सगळी १०व्या शतकाच्या उत्तरार्धापासून ११व्या शतकापर्यंतची मानली जातात. ऑड्डाच्या १०५६ च्या प्रार्थनागृहालाही असेच कोपरे आहेत, म्हणजे पद्धतीला तारखेचा एक खुंटा मिळतो. ईशान्येकडच्या जॅरो आणि एस्कम इथल्या ७व्या शतकातल्या चर्चच्या गटात कोपरे वेगळे असतात: मोठमोठे चिरे, एकाची लांब बाजू एका भिंतीत तर पुढच्याची दुसऱ्या भिंतीत.

पण हे का घडते, ते कळले नाही तर लक्षण आंधळे होते. उभा लांब दगड मिळायला चुनखडकाची अशी खाण लागते, जिथून खांबासारखे लांब तुकडे निघतात. बार्नॅकची खाण अशी होती, आणि तिथला दगड नदीमार्गे दूरवर जाई. तुमचे गाव त्या दगडाच्या आवाक्यात आहे. नॉरफोकमध्ये जमिनीतून गारगोटीच निघते, कोपरा घडवायला दगडच नाही. तिथे गोल मनोरे बांधले गेले. त्या गोल मनोऱ्यांना पूर्वी सरसकट सॅक्सन म्हणत. आज त्यांतले बरेचसे ११व्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि १२व्या शतकातले मानले जातात. म्हणून मी आधी भूगर्भाचा नकाशा उघडते आणि शैलीचे कोष्टक नंतर.

याच धाग्यावर जॉन पॉटर या भूवैज्ञानिकाने केलेले काम मी नव्या माणसाला नेहमी सांगते. वाळूचा खडक किंवा चुनखडक थराथराने साचतो. गवंडी सहसा दगड खाणीत होता तसाच, थर आडवे ठेवून बसवतो, कारण तसा तो टिकतो. थर उभे ठेवून, दर्शनी बाजूला समांतर बसवला तर पाण्याने आणि थंडीने त्याचे पापुद्रे सुटतात. पॉटर यांनी कोपऱ्यांच्या आणि पट्ट्यांच्या दगडांतले थर कोणत्या दिशेला आहेत, याची एकेका चर्चमध्ये जाऊन नोंद केली. अँग्लो-सॅक्सन कोपऱ्यांत थर उभे असलेले दगड ठरावीक रीतीने वारंवार येतात आणि नॉर्मन कामात ही सवय मावळते, असे त्यांनी दाखवले. यात मोठा फायदा असा की कोपरा दिसायला साधा असला, लाँग-अँड-शॉर्ट नसला, तरी भिंग घेऊन तपासता येतो. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडावर हे चालणार नाही; लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्टला असे साचलेले थर नसतात. इंग्लंडमध्येही जुने दगड पुन्हा वापरलेले असतील किंवा कोपरा मागाहून उसवून बांधला असेल, तर उत्तर फसवे येते. माझा अनुभव असा की एका दगडावरून काही म्हणू नये. जमिनीपासून छपरापर्यंत सलग कोपरा मूळचा असेल तरच या नोंदीला वजन द्यावे.

तुमच्याकडे मनोऱ्याचे फक्त पश्चिमेकडचे कोपरे तसे आहेत. हे स्वाभाविक आहे, कारण पूर्वेकडचे कोपरे चर्चच्या मुख्य दालनाला भिडतात. तिथेच तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा असू शकतो. मनोऱ्याची भिंत आणि दालनाची पश्चिम भिंत यांचे थर एकमेकांत गुंतले आहेत का, की दोघांमध्ये वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा आहे? सांधा असेल तर बहुधा मनोरा नंतर चिकटवलेला आहे आणि दालन त्याहून जुने. मनोऱ्याचे दालनाकडचे कोपरे खालपर्यंत पूर्ण घडवलेले, स्वच्छ दिसत असतील, तर उलटे: मनोरा आधी एकटा उभा होता आणि आजचे दालन नंतरचे. बार्टनला हेच घडले. तिथे मूळ चर्चचे मुख्य दालन मनोऱ्याच्या तळमजल्यावरच होते. १९७८ ते १९८४ या काळात वॉरविक रॉडवेल यांनी केलेल्या उत्खननात आणि भिंतींच्या तपासणीत इमारतीची सगळी वाढ टप्प्याटप्प्याने उलगडली.

तिरप्या दगडांबद्दल, म्हणजे हेरिंगबोनबद्दल, मी थोडक्यात सांगते, कारण त्यांचा हट्ट सोडायला हवा. एका थरात सगळे दगड डावीकडे कललेले, पुढच्या थरात उजवीकडे. पातळ, चपटे, न घडवलेले दगड हाताशी असले आणि भरपूर चुना असला की भिंत भराभर वर न्यायची ही रीत. रोमन लोक ती वापरत. डीअरहर्स्टच्या सेंट मेरी चर्चमध्ये ती आहे. टॅमवर्थ, कोर्फ आणि पेव्हरिल या किल्ल्यांत ती ठळक आहे, आणि हे तिन्ही किल्ले १०६६ नंतरचे, नॉर्मनांचे. कॉर्नवॉलमध्ये शेताच्या बांधांवर आजही तशी रचना करतात. तुमच्या भागातला दगड चपटा फुटतो, म्हणून हेरिंगबोन आहे. ११व्या शतकात ती इंग्लंडभर खूप वापरली गेली, एवढेच म्हणता येईल. १०६६ च्या अलीकडे की पलीकडे, हे तिच्यावरून सांगणारा माणूस अंदाज करतो आहे, हे खुशाल समजा.

शिवाय १०६६ ही राजकारणातली रेषा आहे, गवंड्यांची नाही. राजा बदलला, बिशप बदलले, पण खेड्यात भिंत बांधणारे हात तेच राहिले. साधारण १०५० ते ११०० या काळातली शेकडो खेड्यांची चर्च दोन्ही पद्धती मिसळून बांधलेली आहेत आणि त्यांना आम्ही मुद्दाम सॅक्सन-नॉर्मन संधिकाळातली म्हणतो. माहितीपत्रकाला हे नाव आवडत नाही, त्याला एकच बाजू हवी असते. माझ्या मते मात्र हा काळ फार विलक्षण आहे. लाकडाची चर्च पाडून गावोगाव दगडाची उभी राहिली ती याच पिढ्यांत, आणि हे काम नॉर्मन येण्याआधीच सुरू झाले होते.

खिडकीसाठी आत जा. भिंतीच्या जाडीत खिडकीची मोकळी जागा कशी रुंदावत जाते ते पाहा. बाहेर अरुंद आणि फक्त आतल्या बाजूला रुंद होत जाणारी खिडकी लवकरच्या सॅक्सन कामात मिळते आणि पुन्हा नॉर्मन कामातही मिळते. मधोमध अरुंद आणि आत-बाहेर दोन्हीकडे रुंदावणारी खिडकी बहुतेक वेळा उशिराच्या सॅक्सन काळातली. ऑड्डाच्या प्रार्थनागृहात तशा आहेत. माथ्याची कमान वेगवेगळ्या चिऱ्यांची आहे की एकाच दगडात अर्धगोल कोरलेली, हेही टिपा. मात्र खिडकी भिंतीबरोबरच बांधलेली आहे का, हे आधी पाहायचे. कडेच्या दगडांभोवती भिंतीचे थर तुटलेले असतील, लहान तुकड्यांनी जागा भरलेली असेल, तर ती नंतर फोडून बसवलेली आहे.

भिंतीची जाडीही मोजा. सॅक्सन दालनांच्या भिंती बहुधा तीन फुटांच्या आत, एस्कमला तर अडीच फुटांहून कमी. नॉर्मन भिंती सहसा त्याहून जाड. मनोऱ्यांना हा नियम लावू नका, आणि ब्रिक्सवर्थलाही नको.

ब्रिक्सवर्थचे नाव निघाले ते बरे झाले, कारण ते तुमच्याच परगण्यात आहे आणि ‘७वे शतक’ ही कल्पना या भागात पसरली ती बहुधा तिथूनच. तिथे मठ स्थापन झाला होता ७व्या शतकाच्या उत्तरार्धात, अशी लेखी परंपरा आहे. चर्च प्रचंड आहे, कमानींत रोमन विटा आहेत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ६८० च्या आसपासचे म्हणून ते दाखवले गेले. डेव्हिड पार्सन्स आणि डायना सदरलंड यांनी भिंतीतला दगड न्‌ दगड ओळखून नकाशे केले. काही दगड लेस्टरच्या बाजूने, पडक्या रोमन इमारतींतून आणलेले निघाले. कोणत्या टप्प्यात कोणता दगड संपला आणि कोणता सुरू झाला, यावरून बांधकामाचा क्रम लागला. त्याला शेजारच्या उत्खननाची जोड दिल्यावर इमारत ८व्या शतकाच्या अखेरीची किंवा ९व्याच्या आरंभीची ठरते. मठ स्थापन झाल्याची तारीख आणि भिंत उभी राहिल्याची तारीख यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर पडले. लेखी नोंद जागेबद्दल बोलत असते आणि आपण ती भिंतीबद्दल समजतो.

विल्टशरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनची कथाही अशीच. १२व्या शतकातल्या मामझबरीच्या विल्यमने लिहून ठेवले की सेंट ऑल्डहेल्मने इथे एक लहान चर्च बांधले. ऑल्डहेल्म वारला ७०९ मध्ये. १८५० च्या दशकात तिथल्या पाद्र्याने घरांच्या गर्दीत हरवलेले एक चिमुकले, उंच, अरुंद चर्च ओळखले आणि विल्यमचे वाक्य त्याला लावून टाकले. पण त्या भिंती नीट घडवलेल्या चिऱ्यांच्या आहेत, बाहेरून उथळ कमानींची रांग आहे, खिडक्या दोन्हीकडे रुंदावणाऱ्या आहेत. मूळ भिंत ७०० ची आणि कमानी मागाहून त्याच चिऱ्यांत कोरलेल्या, असा मधला मार्गही काहींनी सुचवून पाहिला. आज बहुतेक अभ्यासक सारी इमारत ११व्या शतकाच्या आरंभीची मानतात. १००१ मध्ये राजा एथेलरेडने ब्रॅडफर्डची जहागीर शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाला दिली, तो प्रसंग तिच्याशी छान जुळतो. तरीही ‘जुळतो’ हाच शब्द मी वापरते. १००१ ही काही बांधकामाची तारीख नव्हे.

रोमन दगडाचा पुनर्वापर हा या सगळ्या प्रांतातला सर्वांत मोठा चकवा. डरम परगण्यातले एस्कमचे चर्च पाहिले नसेल तर आवर्जून पाहा. ७व्या शतकाच्या उत्तरार्धातली, जवळजवळ अखंड राहिलेली अशी इमारत इंग्लंडमध्ये दुसरी मिळणे कठीण. उत्तरेच्या भिंतीत रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचे (पलटणीचे) नाव कोरलेला एक दगड चक्क उलटा बसवलेला आहे. काही चिऱ्यांवर टाकीचे आडवे-तिडवे चौकटी घाव आहेत. ते पाहून ‘सॅक्सन पाथरवटाची टाकी’ म्हणून फोटो काढणारे भेटतात. ते घाव रोमन आहेत. चिरे जवळच्या बिंचेस्टरच्या पडक्या रोमन किल्ल्यातून आले. चॅन्सेलची कमानही बहुधा तिथूनच सोडवून आणून जशीच्या तशी उभी केलेली. ७व्या शतकातल्या माणसाची करणी पाहायची असेल तर ती चिऱ्याच्या चेहऱ्यावर शोधू नका. चिरा कसा बसवला, दोन चिऱ्यांमध्ये चुना कसा घातला, दाराच्या बाजूंना दगड भिंतीच्या पूर्ण जाडीतून कसे आरपार नेले, तिथे ती दिसेल.

टाकीच्या घावांवरून काळ सांगता येतो, पण त्यांचा उपयोग नंतरच्या शतकांसाठी जास्त. नॉर्मन दगडावर कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे तिरपे, समांतर घाव असतात. दातेरी टाकी इंग्लंडमध्ये सर्रास दिसू लागते ती १२व्या शतकाच्या उत्तरार्धापासून. कँटरबरीचा साधू जर्व्हेस याने ११७४ च्या आगीनंतरच्या बांधकामाचे वर्णन करताना नोंदवून ठेवले आहे की जुने काम कुऱ्हाडीने केलेले होते आणि नवे टाकीने. हत्यारांबद्दल त्या काळच्या माणसाची अशी साक्ष मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तुमच्या कोपऱ्यांवर दातेरी टाकीच्या खुणा दिसल्या, तर ते दगड मध्ययुगाच्या उत्तरार्धात किंवा व्हिक्टोरियन काळात बदललेले असण्याची शक्यता आधी तपासा.

मग प्रयोगशाळा? चुन्यात कोळशाचे कण सापडतात, कारण चुनखडी लाकडावर भाजत. त्या कणांचे रेडिओकार्बन मापन करता येते. पण कोळसा जुन्या ओकच्या गाभ्याचा असेल तर तारीख चुनाभट्टीच्या आधीची शे-दोनशे वर्षे दाखवील. म्हणून बारीक फांद्यांचे कोळसे निवडायचे. त्यातही ८व्या-९व्या शतकात मापनाचा आलेख काही ठिकाणी इतका सपाट आहे की उत्तर दीडशे वर्षांच्या पट्ट्यात येते. परांचीसाठी भिंतीत आडवी घातलेली लाकडे कधी कधी आतच कापून सोडलेली असतात. अशा लाकडाचा तुकडा सापडला तर सोने सापडले समजा, कारण ते भिंतीबरोबरच तिथे गेलेले असते. झाडाच्या वर्तुळांवरून मिळणारी तारीख सर्वांत नेमकी. एसेक्समधले ग्रीनस्टेडचे लाकडी चर्च पूर्वी ८४५ च्या सुमाराचे समजत. १९९० च्या दशकात ओंडक्यांची वर्तुळे मोजली तेव्हा झाडे १०६३ नंतर तोडलेली निघाली. दोनशे वर्षे एका झटक्यात अलीकडे आली. रोमन वाटणाऱ्या विटांचा काळ प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने, म्हणजे वीट शेवटची कधी भाजली गेली ते मोजून, काढतात. केंटमध्ये त्या पुन्हा वापरलेल्या रोमन विटाच निघाल्या, तर फ्रान्समध्ये माँ-साँ-मिशेलच्या सर्वांत जुन्या चर्चमधल्या विटा १०व्या शतकात, बांधकामासाठीच भाजलेल्या निघाल्या.

चुन्याचा नमुना घेण्यासाठी तुम्ही स्वतः काहीही खरवडू नका. चर्चच्या भिंतीला हात लावायला धर्मप्रांताची रीतसर परवानगी लागते आणि ती लागावी हेच योग्य. भिंतींचे सर्वांत मोठे नुकसान प्रेमानेच झाले आहे. अँग्लो-सॅक्सन भिंतींवर बहुधा आतून-बाहेरून गिलावा होता. १९व्या शतकात दगड ‘उघडा आणि खरा’ दिसावा म्हणून तो सोलून काढला गेला, आणि त्याबरोबर बुजवलेल्या खिडक्यांच्या कडा, रंगाचे थर, दिवसादिवसाच्या कामाच्या आडव्या रेषा हे सगळे गेले. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच सोलण्याविरुद्ध. त्यानंतर २०व्या शतकात दगडांमधले सांधे सिमेंटने भरले गेले. सिमेंटखाली चुना दिसत नाही, आणि चुना दिसला नाही तर दोन टप्प्यांमधला फरक ओळखायचे निम्मे साधन हातातून जाते.

तेव्हा तुमच्या चर्चसाठी मी असे करीन. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन भिंतीवर तिरपे पडते तेव्हा, उत्तरेची भिंत आणि मनोऱ्याचे दोन्ही कोपरे जमिनीपासून वरपर्यंत फोटोत घ्या, बाजूला मोजपट्टी ठेवून. उत्तरेवर थेट ऊन फार कमी येते, त्यामुळे उन्हाळ्यातली अगदी पहाटेची वेळ निवडा. मनोरा आणि दालन यांच्या सांध्याचे फोटो आतून, बाहेरून आणि शक्य असेल तर छपराच्या पोटातून हवेत. वर गिलावा नसतो आणि अनेकदा मूळ छपराची उतरती रेघ तिथेच टिकलेली असते. तिरप्या दगडांचे थर कोपऱ्याच्या दगडांपर्यंत सलग येतात की मध्येच तुटतात, हे कागदावर रेखाटा. हाताने काढताना डोळा जे पाहतो ते कॅमेऱ्यात निसटते.

त्याआधी चर्चच्या विश्वस्तांकडे जुने दुरुस्तीचे कागद मागा. इंग्लंडमधल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी होते आणि तिचे अहवाल असतात. १९व्या शतकातल्या दुरुस्त्यांचे परवाने आणि नकाशे बहुतेक वेळा परगण्याच्या दप्तरखान्यात सापडतात. उत्तरेची भिंत १८६० किंवा १८७० च्या दशकात उसवून पुन्हा रचली असेल, तर तिथले हेरिंगबोन व्हिक्टोरियन गवंड्याचेही असू शकते, आणि हे एका बिलावरून अर्ध्या तासात कळते.

माहितीपत्रकाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा, मनोरा आणि दालन यांचा सांधा काही वेगळे सांगत नसेल तर, मनोऱ्यासाठी ‘१०व्या शतकाचा उत्तरार्ध ते ११वे शतक’ असे लिहायला सुचवा. उत्तरेच्या भिंतीसाठी ‘बहुधा ११वे शतक’ लिहा, तेही दुरुस्तीचे कागद पाहून झाल्यावर. त्या जागी आणखी जुने चर्च असू शकते, लाकडाचेसुद्धा, पण ते जमिनीखाली आहे आणि त्याबद्दल या भिंतीला साक्षीला बोलावता येणार नाही. फोटो काढून झाले की पाठवा; कोपऱ्यांतल्या दगडांचे थर दिसतील इतके जवळून काढलेले असतील, तर प्रत्येक दगडाची नोंद कशी करायची ते तुमच्याच चर्चवर करून दाखवीन.